डोंग्यावरचे पट्टे आणि सहा मिलिमीटरचा हिरवा टेप

माझ्या धाकट्या दिरांचा डोंगा रामटेकजवळ खिंडसीच्या तलावावर असतो. चौदा फुटी, फायबरचा. यंदा एप्रिलमध्ये त्याच्या बुडाला तडा गेला, म्हणून पिकअपवर घालून तो नागपूरला आणला. हिंगणा रस्त्यावर फायबरचं काम करून घेतलं आणि रंगासाठी हुडकेश्वरला आमच्या अंगणात हिरव्या नेटखाली ठेवला. अंगाला गडद निळा एनॅमल भाऊजींनी स्वतःच मारला. मग मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही ड्रॉइंगच्या बाई. यावर पट्टे मारून द्या नं. दुरून पाहिलं की आपला डोंगा ओळखू आला पाहिजे."

काठाखाली तीन इंची पिवळा पट्टा, त्याखाली पाव इंच निळं मोकळं, त्याखाली अर्ध्या इंचाची पांढरी रेघ असं ठरलं. कागदावर पाच मिनिटांचं काम. डोंग्यावर मला त्यासाठी दोनदा मेहनत करावी लागली, आणि दोन्ही वेळांमध्ये फरक होता तो रंगाची कड धरायला चिकटवायच्या टेपचा. म्हणून हे लिहिते आहे.

माझे बाबा नागपूरच्या महाल भागात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीवर सरळ रेघ हवी असली की दोघं दोन टोकांना उभे राहायचे, खडूच्या भुकटीत घोळवलेलं सूत ताणायचे आणि मधोमध टिचकी मारायची. भिंतीवर ते सोपं आहे. डोंग्याचं अंग मात्र बाहेर फुगलेलं असतं आणि काठ पुढे वर चढत जातो. ताणलेलं सूत सगळ्यात जवळची वाट धरतं, काठाच्या वळणाबरोबर जात नाही. हाताने ओढावी तर पंधरा फुटांची रेघ एका दमात ओढायला बाबांचा तरुणपणातला हात हवा. माझा तसा नाही. टेपला पर्याय नव्हता.

पहिल्या वेळी घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून चाळीस रुपयांचा पिवळसर कागदी मास्किंग टेप आणला. रविवारी सकाळी लावला, अकरापर्यंत पिवळ्याचा पहिला हात दिला. ऊन चढलं तसं काम थांबवलं, संध्याकाळी दुसरा हात देऊ म्हटलं. संध्याकाळी वावटळ आली, अंगणभर धूळ उडाली. सोमवारी घरी पाहुणे. टेप निघाला मंगळवारी सकाळी. मे महिन्यातले नागपूरचे दोन दिवस अंगावर काढलेला टेप कसा निघतो ते सांगते: कागद तुकड्या-तुकड्यांनी हातात येतो, गोंद डोंग्यावरच राहतो, आणि जिथे गोंदाने जास्त पकड घेतलेली असते तिथे खालचा निळाही पापुद्र्यासारखा सोबत येतो. त्यात पट्ट्याची कड करवतीच्या दातांसारखी झालेली. भाऊजी काही बोलले नाहीत, नुसतं बोट फिरवून पाहिलं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाचा रोजचा रोजगार त्या डोंग्यावर आहे, त्याच्या आठवडाभराच्या कामावर मी ओरखडे पाडले होते.

त्यातली अर्धी चूक टेपची, अर्धी माझी. टेप इतका वेळ ठेवायचाच नव्हता. पण कड दातेरी होण्यात माझी चूक नव्हती. कागदी मास्किंग टेप क्रेपचा असतो, म्हणजे त्याला बारीक चुण्या असतात. त्या चुण्यांमुळेच तो थोडा ताणता येतो आणि वळणावर बसतो. पण प्रत्येक चुणीखाली एक बारीक नाली राहते आणि पातळ रंग तिच्यातून आत शिरतो. भिंतीवर चार फुटांवरून ते दिसत नाही. चकचकीत एनॅमलवर, गडद निळ्याशेजारच्या पिवळ्यात, प्रत्येक दात दिसतो.

गोंद काढायला शेजारच्यांनी थिनर सुचवला. तो वापरू नका, लॅकरचा थिनर एनॅमललाच सोलून काढतो. मी सुती कापडावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन हलक्या हाताने, वितीवितीने पुसलं. तीन सकाळी त्यात गेल्या. मग ४०० नंबरच्या पाणकागदाने घासून निळ्याचा हात परत दिला आणि आठ दिवस डोंग्याला हात लावला नाही. वर कोरडा वाटणारा एनॅमल आतून कच्चा असतो, आणि त्यावर टेप चिकटवला की निळा सोलून येतो हे आता डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या आठ दिवसांत चांगला टेप शोधला. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घराच्या रंगांच्या दोन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे तोच पिवळसर टेप वेगवेगळ्या रुंदीत. शेवटी मोटारींच्या रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या दादांनी मला आधी विचारलं, "कशावर मारायचं आहे, आणि वळण आहे का?" वळण आहे म्हटल्यावर त्यांनी थ्री-एम कंपनीचा २१८ नंबरचा फाइन लाइन टेप पुढे केला. हिरवा, पारदर्शकसर, प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याचा, सहा मिलिमीटर रुंद, पंचावन्न मीटरचा रोल. किंमत साध्या टेपच्या कितीतरी पट. मी घुटमळले. ते म्हणाले, "ताई, हा फक्त कडेला लावा. बाकी झाकायला साधाच घ्या." गिऱ्हाइकाला कमी माल घ्यायला सांगणारा दुकानदार मला फार दिवसांनी भेटला. त्यांनी सोबत थ्री-एमचाच २३३ प्लस हा हिरवा कागदी टेप आणि ब्राउन पेपर दिला.

मास्किंग टेप मुळात मोटारींच्या रंगकामातूनच आला आहे. अमेरिकेत दोन रंगी गाड्यांची हौस वाढली होती आणि रंगारी दोन रंगांमधली कड सांभाळताना बेजार होते. ते पाहून थ्री-एममधल्या रिचर्ड ड्रू या तरुणाने १९२५ साली हा टेप तयार केला. म्हणजे वर्षं शंभर झाली तरी चिकटवायला सोपा, काढायला सोपा आणि मध्ये रंग आत न घेणारा, हीच मागणी आहे. माझ्या अंगणातही तीच होती.

आता लावण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण टेप कितीही चांगला असला तरी तो लावताच येत नसेल तर पैसे वाया जातात.

काठापासून खाली दर फुटावर पट्टी धरून पेन्सिलीने बारीक ठिपके केले. टेपचं टोक मागच्या बाजूला चिकटवलं, रोल हातात धरून तीन-चार फूट मोकळा सोडला आणि अंगापासून थोडा दूर, हलका ताठ धरून हळूहळू ठिपक्यांवर उतरवला. तुकडे जोडत जायचं नाही, एका बाजूला एकच सलग टेप. आणि ठिपक्यांची गुलामी करायची नाही. एखादा ठिपका पेन्सिलीच्या जाडीएवढा चुकतोच, तिथे टेप वाकवला तर रेघेला पोक येतं. लावून झाल्यावर डोंग्याच्या टोकाशी जाऊन बसले, गाल जवळजवळ काठाला टेकवला आणि एक डोळा मिटून पूर्ण लांबी पाहिली. बाबा पाटीच्या अक्षरांची ओळ अशीच पाहायचे. मधोमध एक वाकडेपणा दिसला, तेवढा दोन फूट टेप उचलून परत बसवला. हा टेप न फाटता उचलतो आणि पुन्हा बसतो, कागदी टेपबरोबर हे मला जमलं नव्हतं.

पुढच्या टोकाला, जिथे अंग झपकन वळतं, तिथे सहा मिलिमीटरचा अरुंदपणा कामी आला. एक इंची टेपची वरची कड तिथे ताणली जाते आणि खालच्या कडेला घड्या पडतात. अरुंद टेप सापासारखा वळतो. पण तो ओढून वळवायचा नाही. प्लास्टिक ताणलं की तासाभरात परत आखडतं आणि वळणावर टेप अंगावरून उचलला जातो. माझा उजव्या बाजूला उचलला होता, रंगाच्या आधी दिसला म्हणून वाचले.

मधलं पाव इंच निळं राखायला तोच एक टेप पुरतो, हे मला लावता लावता उमगलं. त्याची वरची कड पिवळ्याची खालची कड होते आणि त्याची खालची कड पांढऱ्याची वरची. दोन पट्ट्यांमधलं अंतर मग पंधरा फुटांत कुठेच कमी-जास्त होऊ शकत नाही. म्हणजे दर बाजूला तीनच टेप. पंधरा फुटांचे तीन, दोन बाजू, एकूण नव्वद फूट, साधारण सत्तावीस मीटर. निम्मा रोल.

बाहेरच्या बाजूंना फाइन लाइनच्या पाठीवर २३३ प्लस चढवला आणि त्याला ब्राउन पेपर लावला. सहा मिलिमीटर म्हणजे ब्रशच्या एका चुकीला पुरणारी जागा नाही, त्यामुळे हे झाकण लागतंच. वर्तमानपत्र टाळलं, टर्पेंटाइन लागलं तर त्याची शाई उतरते.

सगळ्या कडा अंगठ्याच्या नखाने दाबल्या. मग बाबांनी सुचवलेली गोष्ट केली. ते खुर्चीवर बसून पाहत होते. म्हणाले, "पोरी, आधी निळाच मार कडेवर." टेपच्या कडेवरून अंगाच्याच निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवला. टेपखाली कुठे फट राहिली असेल तर तिच्यात निळा शिरतो आणि तिथेच वाळतो. निळ्यावर निळा, दिसत नाही. नंतरच्या पिवळ्याला मग आत जायला जागाच उरत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पिवळा आणि पांढरा मारला, ब्रश टेपकडून पट्ट्याच्या आत ओढत, टेपखाली ढकलत नाही.

आणि टेप त्याच सकाळी काढला. रंग बोटाला चिकट लागत होता पण ओघळत नव्हता, तेव्हा. टेपचं टोक स्वतःवरच दुमडून, रंगापासून दूर, हळू ओढत. गडद निळ्यावर पिवळ्याचा एकच हात पुरला नाही, म्हणून चार दिवसांनी परत टेप लावून दुसरा हात दिला. दोन हातांसाठी टेप दोन दिवस तसाच ठेवण्यापेक्षा हे कष्ट बरे. फक्त मग पूर्ण रोल लागतो, हे हिशोबात धरा.

पहिला टेप उचलला तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून आले. चष्मा वर करून कडेला डोळा नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. पिवळ्याची कड ब्लेडने कापल्यासारखी होती. टेप पातळ असल्यामुळे कडेला रंगाचा बांधही जवळजवळ नव्हता, नखाला जाणवेल एवढाच. भाऊजींना मी फोनवर फोटो पाठवला नाही, त्यांनी येऊनच पाहावं असं वाटलं.

आता उणिवाही सांगते. हा टेप हाताने नीट तुटत नाही, ब्लेड लागतं, आणि ब्लेड डोंग्यावर चालवायचं नाही. खडबडीत जागी तो निरुपयोगी आहे. तडा बुजवलेल्या एका ठिकाणी फायबरची जाळी थोडी वर आली होती, तिथे पातळ प्लास्टिक खड्ड्यांवर पुलासारखं बसलं आणि पांढरा आत गेला. ती जागा आधी पुट्टी भरून घासायला हवी होती. रोल उघडा ठेवला की त्याच्या कडेला धूळ बसते आणि तीच धूळ रेघेत उतरते. मी तो झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आतल्या खोलीत ठेवते. घराच्या भिंतींसाठी एवढा महाग टेप घेऊ नका, गरज नाही. डोंगा, स्कूटर, सायकलची फ्रेम, जिथे अंग गुळगुळीत आहे आणि रेघ वळते, तिथे घ्या.

२३३ प्लसबद्दल थोडक्यात: त्याचा क्रेप साध्यापेक्षा बारीक आहे. मागच्या सपाट फळीवर मी पट्ट्याची कड फक्त त्यानेच धरून पाहिली. फाइन लाइनइतकी नाही, पण दोन फुटांवरून स्वच्छ दिसते. सकाळी लावून दुपारी काढला, गोंद राहिला नाही.

पाचपैकी फाइन लाइनला पावणेपाच, २३३ प्लसला चार.

डोंगा जूनच्या पहिल्या आठवड्यात खिंडसीला गेला. आता भाऊजींच्या शेजाऱ्यांचा डोंगा डिसेंबरात येणार आहे. त्यांना पाण्यालगतची लाल रेघ हवी आहे, आणि ती काठावरून मोजून चालणार नाही, पाण्याच्या पातळीत यायला हवी. त्यासाठी डोंगा आधी तलावात जाळ्यांसकट उभा करून पाणी कुठे लागतं ते पुढे-मागे खूण करून आणा म्हणून सांगितलं आहे. अंगणात त्या खुणा एका पातळीत येईपर्यंत खाली विटा सरकवायच्या आणि मधले ठिपके गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने काढायचे. रेघ खुणेच्या चार बोटं वर घेईन, साधा एनॅमल कायम पाण्यात टिकत नाही. नवा रोल मात्र आत्ताच आणून ठेवला आहे.