दीड एचपीचं टेबल सॉ: आठ महिने वापरून, त्यातले चार शिव्या घालून

गेल्या दसऱ्याच्या तोंडावर मुंबईच्या नागदेवीतून दहा इंची पात्याचं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायचं मशीन, घेतलं. सिंगल फेज, दीड एचपी, इंडक्शन मोटर. खंडेनवमीला हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून कांजूरच्या गाळ्यात बसवलं. खालच्या भुशात त्या झेंडूच्या पाकळ्या अजून सापडतात.

पहिले चार महिने या मशीनने रडवलं. 18 मिमी प्लाय कसाबसा कापायचं, पण दीड इंची सागाची फळी घातली की अर्ध्यात पातं अडकून नुसतं घुंऽऽ. सकाळी बटण दाबलं की आधी गुणगुण, मग आळस देत फिरणं. एकदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा डबा, फुगला. दुकानदाराचं उत्तर तयार होतं, ‘स्टॅबिलायझर लावा, शेठ.’ आमचा सुतार म्हणाला, ‘दादा, मोटर एकचीच आहे, स्टिकर दीडचं लावलंय.’ मला सुताराचं पटलं.

कारण सॉकेटला मीटर लावून मी आधीच पाहिलं होतं, 228 व्होल्ट. लाइन चांगली, मग दोष मशीनचाच. हे चाळीतल्या काकांना सांगितलं. ते मिलमध्ये वायरमन होते. म्हणाले, “बंद मशीनवर काय मापतोस? फळी घाल आणि मग बघ.”

बघितलं. बंद असताना 228. सुरू होताना काटा क्षणभर 170 पर्यंत उतरला. साग कापताना 204, आणि करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर 12 अँपिअर.

आता 230 च्या जागी 204 म्हणजे फार काय बिघडलं, असं मलाही वाटलं. पण इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटतो. 204 ला मोटर जास्तीत जास्त जेवढा जोर लावू शकते तो 79 टक्क्यांवर येतो. 170 ला सुरू होतानाचा जोर जेमतेम 55 टक्के. मोटर वेग घ्यायला वेळ लावते, तोवर आतला सेंट्रिफ्यूगल स्विच (वेग आला की आपोआप सुटणारा) सुटत नाही, स्टार्टिंगचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं) आणि कपॅसिटर लाइनवरच राहतात आणि तापतात. माझा कपॅसिटर का फुगला ते असं कळलं. वाइंडिंग वाचलं हे नशीब.

यातली गंमत अशी की ही मोटर आजारपण लपवते. ग्राइंडर किंवा हँड ड्रिलची कार्बन ब्रशवाली मोटर व्होल्टेज पडलं की लगेच आवाज उतरवते, कानाला कळतं. इंडक्शन मोटरचा वेग मुख्यतः 50 हर्ट्झवर ठरतो. त्यामुळे ती जवळपास तशीच फिरत राहते, भार ओढायला जास्त करंट खेचते, गरम होते, आणि एका क्षणी एकदम बसते.

चोर निघाला माझाच एक्स्टेंशन. 15 मीटर, 1 चौरस मिमीची वायर, मध्ये टेप मारलेला जोड. जाऊन-येऊन 30 मीटर तांबं म्हणजे अर्ध्या ओहमहून थोडं जास्त, 12 अँपिअरला साडेसहा व्होल्ट तिथेच गेले. उरलेले गाळ्याच्या जुन्या वायरिंगने आणि त्या जोडाने खाल्ले. टेप सोलली तर आत तांबं काळंठिक्कर, टेप वितळून चिकटलेली. आग लागली नाही म्हणून हे लिहायला बसलोय.

स्टॅबिलायझर घेतला नाही ते बरंच झालं. तो व्होल्टेज चढवतो, पण त्यासाठी मागच्या वायरीतून आणखी करंट ओढतो. म्हणजे तोच जोड आणखी तापला असता.

लोहार चाळीतून 4 चौरस मिमीची वायर आणली, मेन बोर्डावरून थेट वेगळी लाइन ओढली, मध्ये जोड नाही. आता तीच फळी कापताना 223, सुरू होताना 209. बटण दाबलं की लगेच वेग घेतं. गेले चार महिने सागासाठी कधी थांबलेलं नाही. स्टिकर खरं बोलत होतं.

न्यू जर्सीचा आतेभाऊ म्हणतो, त्याचं सॉ 120 वरून 240 वर जोडल्यावर ताकदवान झालं. मोटर तीच, तिची ताकदही तीच. दोन वाइंडिंग समांतर होती ती एकामागे एक ओळीत (सिरीजमध्ये) जोडली, प्रत्येकाला पूर्वीइतकेच 120 व्होल्ट मिळतात. करंट मात्र निम्मा झाला, त्यामुळे वायरीत वाया जाणारं व्होल्टेज कमी झालं. त्याची वायर बारीक असणार, दुसरं काही नाही.

मशीनबद्दल बाकी: सोबतचं 24 दातांचं पातं प्लायच्या कडा उडवतं, 60 दातांचं वेगळं घ्यावं लागलं. बिडाच्या टेबलावर पावसाळ्यात दोन दिवसांत गंज धरतो, मेणाचा हात फिरवावा लागतो. भुशाची पिशवी शोभेची. आणि साइडचं गाईड कितीही आवळलं तरी मागच्या टोकाला मिलिमीटरभर सरकतं. त्याला मात्र व्होल्टेजचं कारण देता येत नाही, सध्या मागून सी-क्लॅम्प मारून काम भागवतोय.