हर्नियाच्या ऑपरेशननंतरचं नसेचं दुखणं आणि टेन्स मशीन : पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

उजव्या जांघेत जाळी बसवून हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके भरले, पण दुखणं हटेना. भाजल्यासारखी आग, मधूनच विजेसारखी चमक. पँटची शिवण घासली तरी जीव कासावीस व्हायचा. तीन महिने उलटल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जखम बरी आहे, हे नसेचं दुखणं आहे. रात्रीची प्रीगॅबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, सुरू केली. टेन्स, म्हणजे त्वचेवरून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं मशीन, फिजिओथेरपिस्टनं सुचवलं. ते घेतलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता, आता सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झालेत.

मशीन खिशात मावतं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. वायरीला चिकट पॅड, त्यातून हलका करंट, अंगाला झिणझिण्या. कोपर आपटलं की आपण लगेच चोळतो ना, तेच तत्त्व. स्पर्शाचे जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूत वेदनेची वाट अडते, असं मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलं होतं.

फरक पडतो, पण मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर फार तर तासभर. मला तेवढं पुरतं. मी अडतीच्या दुकानात दिवाणजी आहे. सौद्याला या ढिगावरून त्या ढिगाकडे फिरावं लागतं, मग गादीवर मांडी घालून पट्ट्या लिहायच्या. पूर्वी मांडी घातली की घाम फुटायचा. आता मशीन खिशात चालू ठेवून सगळा सौदा उभ्यानं करतो आणि बसतोही. घरी पडून लावण्यापेक्षा कामात लावलेलं जास्त उपयोगी पडतं, हे नक्की.

मी ८० ते १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला करंटचे तितके ठोके, ठेवतो. झिणझिण्या ठळक हव्यात, पण स्नायू उडायला नको. रोज एकच सेटिंग ठेवलं तर अंगाला सवय होते, म्हणून अधूनमधून बदलतो.

खरी कटकट पॅडची. घामानं कडा सुटते, मग सगळा करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो आणि सुई टोचल्यासारखं होतं. त्यात आमच्याकडे हळदीची धूळ! जेलवर पिवळा थर बसला की पॅड गेलाच. साबणानं त्वचा धुऊन, कोरडी करून लावा, तेल अजिबात नको. काढल्यावर ओल्या बोटानं पुसून प्लॅस्टिकवर परत चिकटवा. मशीनपेक्षा पॅडवरच जास्त पैसे जातात, ते धरूनच हिशेब करा.

व्रणाजवळची माझी त्वचा बधिर आहे. तिथे पॅड लावायचा नाही, करंट किती लागतोय ते कळत नाही. शाबूत त्वचेवर, बाजूला लावायचा. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

गोळी बंद झालेली नाही. झोप तिच्यामुळेच लागते, सुरुवातीला सकाळी डोकं जड व्हायचं. बरं वाटलं म्हणून ती एकदम सोडू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे चार-सहा वेळा लावून बघा. काहींना अजिबात फरक पडत नाही, आणि उघडलेलं मशीन दुकानदार परत घेत नाही.