डीएसओएएल: जुन्या गेमचा घुमणारा आवाज परत मिळतो

जुना गेम विंडोज 11 वर सुरू होतो, चित्र झकास दिसतं, पण आवाज मात्र सपाट. बंद खोलीत गोळी झाडा नाहीतर लांबलचक बोळात, फरकच नाही. याचं मूळ 2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात आहे. गेमचा आवाज वाजवणारा विंडोजचा भाग म्हणजे डायरेक्टसाउंड. त्याला थेट साउंड कार्डापर्यंत जाता यायचं, ती वाट मायक्रोसॉफ्टने तेव्हा काढून टाकली आणि तिच्यावर चालणारे ईएएक्सचे, म्हणजे जागेनुसार आवाज घुमवणाऱ्या तंत्राचे, परिणाम मुके झाले. त्यामुळे नवं महागडं कार्ड घेऊनही एवढ्याने काम होत नाही.

डीएसओएएल हे फुकट, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. गेमने डायरेक्टसाउंडला केलेली मागणी ते मधल्या मध्ये अडवतं आणि ओपनएएल सॉफ्ट या त्रिमितीय आवाजाच्या सॉफ्टवेअरकडे सोपवतं. घुमणं, अडथळ्यामागून दबून येणं, सगळा हिशेब मग प्रोसेसरच करतो. कुठलंही खास कार्ड लागत नाही.

मी ते मुख्यतः 2005 च्या ‘फिअर’साठी वापरते. गेमच्या मुख्य ईएक्सई फाइलशेजारी डीसाउंड डॉट डीएलएल आणि डीएसओएएल-एएलडीआरव्ही डॉट डीएलएल ठेवायच्या, मग ध्वनीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर मिक्सिंग आणि ईएएक्स चालू करायचं. त्यानंतर शॉटगनचा बार भिंतींवर आपटून मागे रेंगाळतो. शत्रूचे सैनिक वॉकीटॉकीवर ओरडतात, ते नेमके कोणत्या दारापलीकडे आहेत हे न बघता कळतं. या गेमची भीती निम्मी तरी आवाजात आहे, आणि ती अशीच ऐकायला हवी.

हेडफोन असतील तर एएलसॉफ्ट डॉट आयएनआय या ओपनएएल सॉफ्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एचआरटीएफ, म्हणजे हेडफोनवर आवाजाची दिशा भासवणारं तंत्र, चालू करा. मागचा आवाज खरोखर मागून येतो. आवाजाचा पोत किंचित बदलतो, संगीतप्रेमींना ते खटकेल. मला दिशा जास्त मोलाची वाटते. मात्र विंडोजचा किंवा हेडफोनच्या सॉफ्टवेअरचा आभासी सराउंड आधी बंद करा. दोन्ही एकदम लावले की आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो.

आता तक्रारी. इन्स्टॉलर नाही, नवख्याला हात धरून नेणारं काही नाही. 64 बिटचं विंडोज आहे म्हणून 64 बिटच्या फाइली टाकल्या तर उपयोग शून्य. बहुतेक जुने गेम 32 बिटचे, फाइलीही तशाच हव्यात. त्याहून चिवट अडचण म्हणजे काही गेम शेजारची फाइल बघतच नाहीत. रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला, पत्ता वाचून ते थेट विंडोजचीच डीसाउंड उचलतात. तिथे रजिस्ट्रीत नोंद करावी लागते, आणि ज्याला त्यात हात घालायची सवय नाही त्याने आधी बॅकअप घ्यावाच.

डॉसच्या काळातल्या गेमसाठी याचा काही उपयोग नाही. तिथे डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्स घ्या आणि गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर, पोर्ट 220, आयआरक्यू 7, डीएमए 1 निवडा. पण साधारण 1998 ते 2006 मधला, ईएएक्स असलेला विंडोजचा गेम तुमच्याकडे असेल तर मी सगळ्यात आधी डीएसओएएलच सुचवेन. नाहीच जमलं, तर टाकलेल्या फाइली काढल्या आणि रजिस्ट्रीतली नोंद केली असेल तर ती पुसली की गेम पूर्ववत.