पीएस5 (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) साठी केबल ओढली त्याला आता आठ-नऊ महिने झाले, कसं चाललंय ते सांगतो

गेम खेळायला चार-सहा अँटेनावाला महागडा गेमिंग राउटर घेऊ का असं ज्यांच्या डोक्यात चालू आहे त्यांनी आधी हे वाचा. मी नाही घेतला, कॅट6 केबल (नेटची वायर) ओढून घेतली, 5 पोर्टचा एक साधा स्विच (एका केबलवर बरीच उपकरणं जोडणारा डबा) लावला आणि अजूनतरी मस्त चाललंय.

आमची बिल्डिंग जुनी आहे, पुण्यातली, नऊ इंची विटांच्या भिंती. फायबरचा डबा हॉलमध्ये दाराशी आणि पीएस5 आतल्या बेडरूममध्ये, मधे दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. पीएस5 ला वायफाय 6 आहे, प्लॅन 100 एमबीपीएसचा, त्यामुळे डाउनलोड ठीक व्हायचं, पण मॅचमध्ये पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) आत्ता 15 तर लगेच 120. खेळताना डेटा फार लागतच नाही, पिंग एका जागी राहणं महत्त्वाचं, आणि 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल जाड भिंतीत दम तोडतो, 2.4 वर जावं तर अख्ख्या बिल्डिंगचे राउटर तिथेच बसलेले कारण एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11.

भावाकडे एक जुना रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) पडून होता तो लावून पाहिला. कांड्या फुल, पिंग अजून वाईट, कारण तो ज्या चॅनलवर घेतो त्याच चॅनलवर पुढे देतो, अर्धा वेळ त्यातच जातो. पॉवरलाइन अडॅप्टरचाही विचार केला होता, म्हणजे लाइटच्या वायरिंगमधूनच नेट नेणारे, पण आमच्याकडे हॉल एका फेजवर आणि बेडरूम दुसऱ्या, आणि फेज वेगळा असला की त्यांचा भरवसा नाही.

मग आठवलं की बेडरूममध्ये लँडलाइनचा जुना पॉइंट आहे, म्हणजे भिंतीतून पाइप आधीच गेलेला. वायरमनने जुन्या टेलिफोन वायरलाच नवी केबल बांधून ओढली, एका वळणावर जाम अडकली होती पण निघाली. लाइटच्या वायरींच्या पाइपमधून मात्र ही केबल घालू देऊ नका, वायरमन सोपं पडतं म्हणून तेच सुचवतात. आणि केबल घेताना सीसीए आहे का विचारा, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरं दिसतं. स्वस्त असते पण वळवली की तुटते, आणि आठपैकी एक जरी तार गेली तरी गिगाबिटचं (1000 एमबीपीएस) थेट 100 वर येतं नाहीतर लिंकच लागत नाही. कॅट7, कॅट8 च्या नादाला लागू नका, घरातल्या अंतराला कॅट5ई सुद्धा गिगाबिट देते.

स्विच टीपी-लिंकचा एलएस1005जी. शेवटचा जी बघून घ्या हं, बिनजीचा 10/100 वाला (म्हणजे फार तर 100 एमबीपीएस) आहे आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात. त्यात पंखा नाही, सेटिंग नाही, लावला आणि विसरलो. पीएस5 आणि टीव्ही दोन्ही त्यावर आहेत.

आता मुंबईत सर्व्हर असलेल्या गेमला पिंग 8-10 च्या आसपास असतो आणि तिथेच राहतो. सिंगापूरचा सर्व्हर असेल तर केबलने काही जादू होत नाही, अंतर ते अंतरच. घरात कुणाच्या फोनचे फोटो बॅकअपला लागले की मात्र केबलवरही पिंग उडायचा, कारण अपलोडची लाइन भरते. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाला किती स्पीड ते ठरवायची सेटिंग) अपलोड प्लॅनच्या 90 टक्क्यांवर बांधला तेव्हा ते थांबलं.

केबलने न सुटलेली एक गोष्ट म्हणजे नॅट टाइप 3 (बाहेरून थेट कनेक्शन घेता येतं का ते पीएस5 1 ते 3 मध्ये दाखवतो, 3 सगळ्यात वाईट). मॅच मिळायची पण मित्रांशी व्हॉइस चॅट लागेना. राउटरच्या पेजवर डब्ल्यूएएन आयपी (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) 100.64 ते 100.127 मधला दिसला तर समजा कंपनीने एकच आयपी बऱ्याच घरांत वाटलाय, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी (बाहेरचं कनेक्शन आत कन्सोलकडे वळवायच्या राउटरच्या सेटिंग) काही चालत नाही. आमच्या इंटरनेटवाल्याने आधी राउटर बदला म्हणून सांगितलं (बदलून काय डोंबल होणार होतं!), शेवटी वरचे पैसे घेऊन स्टॅटिक आयपी (फक्त आमचा, न बदलणारा) दिला आणि टाइप 2 आला. टाइप 1 च्या मागे लागायची गरज नाही, 2 पुरतो.

गुरुवारी लाइट जातेच, त्यामुळे डब्याला 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावलाय, घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी हा लागतो, कारण बदलीच्या क्षणात डबा रीस्टार्ट झाला की परत लाइनवर यायला दोन-तीन मिनिटं खातो आणि मॅच गेली. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, आमचा पीएस5 त्यावर टिकतो.

भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला हात लावू देत नसेल तर चपटी केबल दाराच्या चौकटीवरून स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा मारून न्या, दिसायला बरी नाही पण दार बंद होतं. अगदीच नाही जमलं तर मेश (दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देणारा सेट) घ्या, पण त्यातला दुसरा डबा कन्सोलच्या खोलीत ठेवून पीएस5 त्याला केबलनेच जोडा.