सुई, साधी बायॉप्सी की मायक्रो-टेसे: वृषणाच्या ऊतीचा अहवाल पाहून निवड कशी करावी

वीर्यात शुक्राणू नाहीत हे किमान दोन नमुने तपासून, तेही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून खाली बसलेला साका पाहून, मगच पक्कं धरावं. त्यापुढचा प्रश्न असा: शुक्राणू तयार होतात पण वाट अडली आहे, की मुळात निर्मितीच मंदावली आहे?

वाट अडली असेल तर निवड सोपी आहे. वृषणाचा आकार चांगला आणि एफएसएच (शुक्राणूनिर्मितीला चालना देणारं संप्रेरक) सामान्य असलं की बहुधा अडथळाच निघतो. आत निर्मिती सगळीकडे चालू असल्याने स्थानिक भूल देऊन सुईने ओढलं तरी इक्सीपुरते (एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्यापुरते) शुक्राणू मिळतात. इथे मायक्रो-टेसे (वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधणं) करणं म्हणजे विनाकारण मोठी शस्त्रक्रिया.

एक फसवी जागा मात्र आहे. मॅच्युरेशन अरेस्टमध्ये पेशींची वाढ मधल्याच टप्प्यावर थांबते, तरी आकार आणि एफएसएच दोन्ही सामान्य असू शकतात. हा भेद ऊतीच्या तपासणीतच कळतो.

निर्मितीच मंदावली असेल तर सुई सहसा अपुरी पडते. शुक्राणू तयार करणाऱ्या चालू नलिका तुरळक, विखुरलेल्या असतात आणि सुई जिथे शिरेल तिथलंच हाती येतं. साध्या बायॉप्सीत अंदाजाने एक-दोन ठिकाणचे तुकडे घेतात. मायक्रो-टेसेत वृषण मधोमध उघडून २० ते २५ पट मोठं करून पाहतात आणि जाड, पांढरट, अपारदर्शक नलिका वेचतात. ऊती कमी जाते, रक्तवाहिन्या वाचवता येतात. पण बहुतेकदा पूर्ण भूल लागते, काही तास जातात आणि तिथेच तुकडे तपासणारा एम्ब्रियॉलॉजिस्ट (शुक्राणू आणि गर्भ हाताळणारा प्रयोगशाळेतला तज्ज्ञ) हवा.

अहवालात ‘हायपोस्पर्मॅटोजेनेसिस’ (निर्मिती पूर्ण होते, पण कमी) असेल तर शुक्राणू मिळण्याची आशा सर्वाधिक. साध्या बायॉप्सीतही अनेकदा काम होतं. ‘सर्टोली सेल ओन्ली’ (नलिकांत फक्त आधार देणाऱ्या पेशी, शुक्राणू बनवणाऱ्या नाहीत) वाचून लोक खचतात, पण तो निष्कर्ष त्या तुकड्यापुरता असतो. आशा कमी असली तरी दुसरीकडे एखादी चालू नलिका सापडू शकते, आणि ती जाड दिसत असल्याने सूक्ष्मदर्शकाचा सर्वात मोठा फायदा इथेच होतो. मॅच्युरेशन अरेस्टमध्ये सगळ्या नलिका सारख्याच दिसतात, म्हणून हा फायदा घटतो. जॉन्सन गुण, म्हणजे प्रत्येक नलिकेतली निर्मिती किती पुढे गेली याचे गुण, १ ते १० असतात; सरासरी पाहून थांबू नका. सरासरी २ च्या आसपास असली तरी एका नलिकेला ८ मिळाले असतील, तर तिथे थोडे का होईना शुक्राणू आहेत.

शस्त्रक्रियेआधी कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्राची तपासणी कराच. वाय गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गळालेला असेल तर शुक्राणू जवळपास कधीच मिळत नाहीत; मग कोणतीच चीरफाड करू नये. एझेडएफसी गळालेला असेल किंवा क्लाइनफेल्टर (जादा एक्स गुणसूत्र) असेल, तर प्रयत्नाला अर्थ आहे.

निव्वळ निदानासाठी वेगळी बायॉप्सी आम्ही सुचवत नाही. जिथे शुक्राणू गोठवण्याची सोय आहे तिथेच ती करावी, नाहीतर सापडलेले शुक्राणू वाया जातात. पॅथॉलॉजीचा तुकडा बुइनच्या द्रावात (ऊती टिकवणाऱ्या एका द्रावणात) द्यायला सांगा. साध्या फॉर्मॅलिनमध्ये नलिका आकसतात आणि केंद्रकांचा तपशील पुसट होतो. त्याच तुकड्यात कर्करोगपूर्व पेशी आहेत का, हेही तपासलं गेलं पाहिजे.

पुन्हा प्रयत्न करायचा तर साधारण ६ महिने थांबा आणि शस्त्रक्रियेनंतर टेस्टोस्टेरॉन मोजत राहा, विशेषतः वृषणं आधीच लहान असतील तर.