गोल्फ कोर्स आखणाऱ्यांत कोण आवडता: रॉस की मॅकेन्झी?
डोनाल्ड रॉस स्कॉटलंडमधल्या डॉरनॉकचा. अमेरिकेत जाऊन त्याने चारशेच्या आसपास गोल्फ कोर्स आखले. ॲलिस्टर मॅकेन्झी पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात त्याने शत्रूची लपण्याची कला जवळून पाहिली, आणि ती पुढे कोर्सवरच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, उतरवली: दुरून बंकर ग्रीनला (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला) खेटून दिसतो, जवळ गेलं की मध्ये भलीमोठी मोकळी जागा! रॉसकडे असली नजरबंदी कमी. त्याच्या पाइनहर्स्ट नंबर २ या कोर्सवर (१९०७) ग्रीन उपड्या बशीसारखे. फटका जरा चुकला की चेंडू घरंगळत कडेला, आणि खरी परीक्षा तिथून पुढे. २०११ मध्ये कूर आणि क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने तिथलं दाट गवत काढून वाळू परत आणली. मॅकेन्झीच्या ऑगस्टा नॅशनल या कोर्समध्ये मात्र इतके फेरफार झालेत की त्याचा हात शोधावा लागतो. देखणेपणात त्याच्याच सायप्रस पॉइंट कोर्सला तोड नाही, पण रोज खेळायला मी रॉसच घेईन.