संघटनेचे निवेदन की स्वतःच्या नावाची हरकत?

छपरावरील सौरऊर्जेविषयीचा एखादा मसुदा वीज नियामक आयोगाने सूचना-हरकतींसाठी खुला केला की लहान कारखानदारापुढे दोन वाटा असतात: औद्योगिक संघटनेच्या एकत्रित निवेदनात सामील होणे, किंवा कारखान्याच्या नावाने हरकत दाखल करून सुनावणीत स्वतः बोलणे. वृत्तपत्रीय लेख आणि परिसंवाद ही तिसरी वाट आहे. तिथे टाळ्या मिळतात, पण विनियमातील शब्द क्वचितच हलतो, म्हणून ती बाजूला ठेवतो.

संघटनेचे वजन नाकारण्यात अर्थ नाही. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ही व्यापारी-उद्योजकांची संघटना उभी केली आणि १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर स्थापन झाले. एकट्या उद्योजकाला सरकारदरबारी फारसे कोणी विचारत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. शिवाय जोडभार वाढवण्यापासून मीटर बदलण्यापर्यंत ज्या वितरण कंपनीशी रोजचे काम पडते, तिच्याविरुद्ध एकट्याने बोलणे जड जाते. संघटनेच्या लेटरहेडआड तो संकोच उरत नाही.

माझे मत फिरले ते मसुद्याच्या प्रवासामुळे. आमच्या वसाहतीतील संघटना वर उल्लेखिलेल्या दोन्हींपेक्षा पुष्कळ लहान आहे. साप्ताहिक सुटीला ग्रिडमध्ये गेलेली वीज नेट मीटरिंगने युनिटला युनिट वळती झाली नाही, तर पॅनेलच्या कर्जाचा हप्ता बिलातील बचतीतून निघत नाही, एवढाच मुद्दा मी लिहून दिला होता. समितीत फिरून निवेदन परत आले तेव्हा त्याचे 'अपारंपरिक ऊर्जेस यथोचित प्रोत्साहन मिळावे' असे झाले होते, आणि तेही स्थिर आकार, खंडित पुरवठा व मालमत्ता कर यांच्या खाली, शेवटच्या पानावर. यात कोणाचा कावा नव्हता. ज्यांच्या छपरावर पॅनेल नाहीत, त्यांना आमच्या सवलतीचा भार आपल्या बिलावर येईल अशी शंका होती आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. पण सर्वांची संमती हवी असेल तर कोणालाच न बोचणारे वाक्य लिहावे लागते, आणि कोणतेही नवे तंत्रज्ञान सुरुवातीला वापरणारे सभासद थोडेच असल्याने नेमका त्यांचाच मुद्दा अशा वाक्यात बुजतो.

स्वतंत्र हरकतीची वाट वेळखाऊ आहे, हे मान्य. बिले जुळवावी लागतात, दरयाचिकेवरील (वीजदर ठरवून मिळावेत म्हणून कंपनीने आयोगाकडे केलेल्या अर्जावरील) हरकतीची प्रत वितरण कंपनीलाही द्यावी लागते आणि सुनावणीत आपली पाळी येईपर्यंत दिवसाचे काम बुडते. मात्र हरकत मराठीत देता येते आणि वकील लागतोच असे नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ नुसार दर ठरवण्यापूर्वी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे आयोगावर बंधनकारक आहे; त्यामुळे दरआदेशात हरकतीचा मुद्दा, त्यावर कंपनीचे उत्तर आणि आयोगाचे मत असे क्रमाने नोंदलेले असते. मी वर्षभराच्या बिलांतील आयात-निर्यात युनिटे (ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली) आणि कर्जाचा हप्ता एका तक्त्यात मांडला, तेव्हा उत्तर त्या तक्त्याला द्यावे लागले. 'यथोचित प्रोत्साहना'ला मात्र कोणीही माना डोलावून पुढे जाऊ शकतो.

२०१९ चे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या मसुद्यात नेट मीटरिंगऐवजी बऱ्याच ग्राहकांसाठी नेट बिलिंगकडे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज युनिटला युनिट वळती न करता तिचे वेगळ्या दराने पैसे देण्याकडे, झुकणाऱ्या तरतुदी होत्या. त्यांवर मोठ्या प्रमाणात हरकती आल्या आणि डिसेंबरमधील अंतिम विनियमांत नेट मीटरिंग कायम राहिले; राज्यातील छपरावरील क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत ग्रिड सपोर्ट आकार (ग्रिडच्या आधारासाठी सौर ग्राहकांवर लावायचा आकार) लावू नये, अशीही तरतूद आली. हे केवळ सुट्या हरकतींमुळे घडले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण बोलणाऱ्यांत संघटनाही होत्या.

ज्यांच्याकडे स्वतःच्या मीटरचे आकडे अजून नाहीत, त्यांनी संघटनेसोबत जाणेच बरे. आकडे असतील, तर मात्र मी स्वतःच्या नावाकडे झुकेन. निवेदनातही सामील व्हावे, त्यास हरकत नाही. फक्त आपला तक्ता समितीकडे न सोपवता थेट आयोगाकडे, मुदत संपण्याच्या चार दिवस आधी पाठवावा. संघटनेची वर्गणी मी अजूनही भरतो, कारण वसाहतीतील रस्ते आणि पाणी यांसाठी तिच्याइतके उपयोगी कोणी नाही.